नक्षीदार काँक्रीटचं अंगण: अंदाजपत्रक खालून वर

स्टॅम्प काँक्रीटचा भाव विचारला की कारागीर चौरस फुटाला एक आकडा सांगतो. आपण तो अंगणाच्या मापाने गुणतो, रक्कम आवाक्यातली वाटते आणि विसार दिला जातो. काम संपेपर्यंत खर्च मात्र दुपटी-तिपटीवर गेलेला असतो. यात लबाडी असतेच असं नाही. सांगितलेला भाव बहुतेक वेळा वरच्या थरापुरता असतो: रंग, साचे, सीलर आणि ते काम करणाऱ्यांची मजुरी. त्याखालचं काँक्रीट, सळई, मुरूम, खोदाई आणि निघालेल्या मातीची विल्हेवाट ‘मालकाकडे’ धरलेली असते, आणि हे कुणी मोठ्याने बोललेलं नसतं.

त्यामुळे अशा अंगणाचं अंदाजपत्रक नक्षीपासून सुरू करू नये. जमिनीपासून सुरू करावं आणि एकेक थर वर चढत यावं. नक्षीला शेवटी किती उरतात, ते तेव्हाच कळतं. या लेखात बंगल्यामागच्या २० फूट लांब आणि १५ फूट रुंद, म्हणजे ३०० चौरस फुटांच्या जागेचं उदाहरण घेतलं आहे. हे माप घेण्यामागे सोय आहे. ३०० चौरस फुटांवर ४ इंच जाडीचं काँक्रीट टाकलं की ते बरोबर १०० घनफूट, म्हणजे १ ब्रास होतं. तुमची जागा १५० फूट असेल तर आकडे निम्मे करा, ४५० असेल तर दीडपट.

आधी वापर पक्का करा

खुर्च्या टाकून बसायचं, वाळवण घालायचं, मुलांनी खेळायचं एवढंच असेल तर ४ इंच जाडी पुरते. तिथे आज ना उद्या चारचाकी उभी राहणार असेल तर ५ ते ६ इंच धरा. ६ इंच म्हणजे १ ब्रासऐवजी दीड ब्रास काँक्रीट. हा निर्णय नंतर बदलता येत नाही. ‘गाडी क्वचितच येईल’ म्हणून ४ इंचांवर भागवलेल्या अंगणात पहिला तडा चाकाच्याच वाटेवर जातो.

दुसरा प्रश्न क्षेत्रफळाचा. खर्च कमी करायचा सर्वांत सोपा आणि निर्धोक उपाय म्हणजे जागा थोडी लहान करणं. चार खुर्च्या, एक टेबल आणि भोवती फिरायला वाट यांना १२ बाय १२ फूट पुष्कळ होतात. खुर्च्या खरोखर मांडा, चुन्याने रेघा मारा आणि मग माप ठरवा. कुंपणालगत दोन-तीन फुटांची मातीची पट्टी सोडली तर काँक्रीट वाचतं, झाडं लावता येतात आणि पावसाचं पाणी जिरायला जागा राहते. आकार शक्यतो चौकोनी ठेवा. वळणदार कड दिसायला छान. पण तिला वाकणारी फळी लावावी लागते, सुतारकाम वाढतं आणि साचे कडेला नीट बसत नाहीत.

मालाचा हिशेब स्वतः करून पाहा

घरगुती कामात एम-२० दर्जाचं, म्हणजे १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी असं मिश्रण सर्रास वापरतात. तयार झालेल्या १ ब्रास काँक्रीटला सुका माल सुमारे १५४ घनफूट लागतो, कारण पाणी पडल्यावर आणि ठोकल्यावर मधल्या पोकळ्या भरून तो बसतो. या हिशेबाने ३०० चौरस फुटांना सिमेंटच्या सुमारे २३ गोण्या, ४२ घनफूट क्रश सँड आणि ८४ घनफूट खडी लागते. सांडलवंड धरून २५ गोण्या, अर्धा ब्रास क्रश सँड आणि १ ब्रास खडी मागवावी.

सळई टाकायची ठरली तर ८ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांनी ८-८ इंचांवर बांधतात. तिचं वजन मीटरला ०.३९५ किलो. आपल्या अंगणाला सुमारे २८० मीटर, म्हणजे ११० किलो सळई लागेल. जोड धरून १२० किलो. काँक्रीटच्या थराखाली ठोकून बसवलेला ६ इंच मुरूम हवा. बसल्यावरचं माप १५० घनफूट असलं तरी सुटा मुरूम पाव हिस्सा जास्त लागतो, म्हणून २ ब्रास सांगा. मुरूम आणि काँक्रीट मिळून १० इंच खोदाई झाली, तर जागेवरून अडीच ब्रास माती निघते आणि मोकळी झाल्यावर ती ३ ब्रासच्या वर जाते. ती बागेतच पसरता आली तर ट्रॅक्टरच्या खेपा वाचतात.

आता हे पैशात मांडू. पुढचे भाव हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत. सिमेंट, खडी आणि मजुरी यांचे भाव तालुक्यागणिक बदलतात, तेव्हा प्रत्येक ओळीत आपल्या गावचा भाव घाला; मांडणी तीच ठेवा.

- खोदाईची मजुरी आणि माती उचलणं: ९,००० रुपये
- मुरूम २ ब्रास, कॉम्पॅक्टरचं भाडं, पाणी मारून ठोकणं: ८,००० रुपये
- सिमेंट २५ गोण्या, गोणीला ३८० रुपयांनी: ९,५०० रुपये
- अर्धा ब्रास क्रश सँड आणि १ ब्रास खडी: ६,५०० रुपये
- सळई १२० किलो आणि बांधणीची तार: ८,००० रुपये
- फायबर, प्लास्टिकचा कागद, भिंतीलगतची सांध्याची पट्टी: २,५०० रुपये
- मिक्सरचं भाडं, कडेच्या फळ्या, ओतकामाची मजुरी: १०,००० रुपये
- स्टॅम्पिंग, रंग आणि सीलरसह, चौरस फुटाला ९० रुपयांनी: २७,००० रुपये

बेरीज ८०,५०० रुपये. त्यावर १५ टक्के, म्हणजे सुमारे १२,००० रुपये, राखीव ठेवा. एकूण साडेब्याण्णव हजार. कारागीर जीएसटीचं बिल देणार असेल तर तो कर या बेरजेवर वेगळा येईल. आधीच विचारून घ्या. हातात जुनं दरपत्रक असेल तर सिमेंटचा भाव नव्याने विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

या यादीत एक गोष्ट दिसते. जिच्यासाठी आपण हा घाट घातला ती नक्षी एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच आहे. उरलेले दोन हिस्से नजरेआड जाणाऱ्या कामाचे आहेत, आणि नक्षी किती वर्षं टिकणार हे तेच दोन हिस्से ठरवतात.

मातीप्रमाणे खर्च बदलतो

वरचा हिशेब मुरमाड, घट्ट जमिनीचा आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेलं काँक्रीट एकदा वर उचललं जातं, एकदा खालून पोकळ होतं. अशा जागी दीड ते दोन फूट माती काढून तिथे मुरूम भरावा लागतो. ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थरावर रोलर किंवा कॉम्पॅक्टर. खोदाई आणि भराव या दोन ओळी इथे दुपटीहून जास्त होतात. ही रक्कम झेपत नसेल तर अंगण लहान करा. भराव कमी करू नका.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा कातळ जवळ असेल तर पाया स्वस्तात मिळतो. मात्र तिथे पैसा पाण्यासाठी राखायचा. चार महिन्यांच्या पावसात ढाळ चुकला तर पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि गुळगुळीत सीलर मारलेली फरशी घसरगुंडी होते. तिथे गटाराची चर आणि सीलरमध्ये घालायची घसरणरोधक पूड हे दोन खर्च सुरुवातीपासून यादीत हवेत.

घर नवं असेल तर आणखी एक तपासणी करा. बांधकामाच्या वेळी पायाभोवती खणलेली चर पुन्हा भरलेली असते आणि तो भराव बहुधा कुणी ठोकलेला नसतो. भिंतीलगतचं अंगण खचतं ते यामुळेच. तेवढी पट्टी उकरून पुन्हा थरांत ठोकून घ्या. ड्रेनेजची पाइपलाइन, पाण्याची लाइन, बागेतल्या दिव्यांची वायर अंगणाखालून जाणार असेल तर ती याच वेळी टाका. आज वायर लागणार नसली तरी रिकामा पीव्हीसी पाइप आरपार टाकून ठेवा. नंतर एका वायरीसाठी नक्षी फोडली तर ठिगळाचा रंग आधीच्या रंगाशी जुळत नाही.

ढाळ कुठे द्यायचा, हा पैशांचाही प्रश्न आहे

अंगणाचा ढाळ घरापासून बाहेर हवा. नक्षीच्या खोबणीत पाणी अडतं, म्हणून फुटाला पाव इंच ढाळ धरा. १५ फुटांच्या रुंदीत तो पावणेचार इंच होतो. हा ढाळ मुरमाच्या थरातच दिला तर काँक्रीटची जाडी सगळीकडे ४ इंच राहते. पण पुष्कळदा मुरूम सपाट ठोकतात आणि ढाळ काँक्रीटमध्ये काढतात. तेव्हा एका कडेला ४ इंच आणि दुसऱ्या कडेला पावणेआठ इंच काँक्रीट जातं. सरासरी जाडी जवळपास दोन इंचांनी वाढते. ३०० चौरस फुटांत ४७ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासजवळ जास्तीचं काँक्रीट. आपल्या उदाहरणात साडेसात हजारांचा माल विनाकारण जमिनीत गेला. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी दोरी ताणून मुरमाचा ढाळ स्वतः पाहा. थर सरासरी अर्धा इंच खाली राहिला तरी तीन गोण्या सिमेंट जास्त लागतं.

अंगणाची तयार पातळी दाराच्या उंबऱ्यापासून निदान एक पायरी खाली ठेवा. भिंतीला, खांबांना आणि पायऱ्यांना काँक्रीट थेट चिकटू देऊ नका. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोल किंवा डांबरी बोर्डाची पट्टी हवी. तिचा खर्च किरकोळ असल्यामुळेच ती दरपत्रकातून गळते.

नक्षीचे पर्याय, स्वस्तापासून महागापर्यंत

सर्वांत कमी खर्चात दिसायला बरं असं काम म्हणजे झाडू फिनिश. ओल्या काँक्रीटवर कडक केसांचा झाडू एका दिशेने ओढतात. बारीक रेघा उठतात, पाय घसरत नाही, सीलर नसला तरी चालतं. चारी कडांना गुळगुळीत पट्टा ठेवला की तेच काम रेखीव दिसतं.

दुसरा पर्याय काँक्रीटच्याच पोटात रंग मिसळण्याचा. लाल, पिवळे, तपकिरी आणि काळे आयर्न ऑक्साइडचे रंग उन्हात टिकतात. सिमेंटच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के रंग पुरतो आणि १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. आपल्या ११५० किलो सिमेंटला ४ टक्क्यांनी ४६ किलो रंग लागेल. ४ इंच जाडीभर रंग मिसळण्यात बराच रंग खालीच राहतो, हा तोटा. कडेचा टवका उडाला तरी आत तोच रंग दिसतो, हा फायदा. हिरव्या आणि निळ्या छटा महाग पडतात. आपल्याकडे लाल ऑक्साइडच्या कोब्याची जुनी परंपरा आहे. पण गुळगुळीत घोटलेला कोबा ओसरीवर शोभतो, उघड्या अंगणात पावसात तो निसरडा होतो.

तिसरा, खडी उघडी ठेवण्याचा. काँक्रीट थोडं धरल्यावर वरचा सिमेंटचा थर पाण्याने आणि ब्रशने धुतात आणि खडी दिसू लागते. गोट्यांची किंवा रंगीत खडी वापरली तर सुंदर दिसतं, उन्हात चमकत नाही आणि पकड चांगली मिळते. अनवाणी चालणाऱ्यांना मात्र ती टोचते. धुण्याची वेळ चुकली तर काम फसतं, म्हणून अनुभवी माणूसच हवा.

चौथा, स्टॅम्प काँक्रीट. ओल्या थरावर कलर हार्डनरची पूड पसरतात, ती रंध्याने जिरवतात, वर रिलीज पावडर टाकतात म्हणजे साचा चिकटत नाही, मग दगडाच्या, विटांच्या किंवा लाकडी फळ्यांच्या नक्षीचे रबरी साचे दाबतात. शेवटी धुऊन सीलर मारतात. हार्डनर चौरस मीटरला सुमारे ३ किलो लागतो. आपल्या २८ चौरस मीटरला ८४ किलो, म्हणजे २५ किलोच्या चार पिशव्या. काम चालू असताना रिकाम्या पिशव्या मोजा. दोनच निघाल्या तर रंगाचा थर पातळ बसला आहे आणि तो पायांखाली लवकर झिजेल.

जुनं काँक्रीट असेल आणि त्याला उंचसखल तडे नसतील, ते खचलेलं नसेल, तर खोदाईचा सगळा खर्च टाळून त्यावर पॉलिमर मिसळलेला पातळ थर देऊन नक्षी काढता येते. खालचा तडा कालांतराने वर उमटतोच, म्हणून हलणाऱ्या, वाढणाऱ्या तड्यांच्या काँक्रीटवर हा खर्च करू नका.

तुलनेसाठी पेव्हर ब्लॉक आणि शहाबादी फरशीचाही भाव घ्या. काळ्या मातीत, किंवा खालून वारंवार पाइपलाइन काढावी लागणाऱ्या जागी, ब्लॉक उचलून परत बसवता येतात ही मोठी सोय आहे. अखंड, गवत न उगवणारा पृष्ठभाग आणि मनासारखी नक्षी हवी असेल तेव्हाच काँक्रीटचा पर्याय सरस ठरतो.

कुठे हात आखडावा, कुठे नाही

पैसे कमी पडू लागले की पहिली सूचना येते, ‘जाडी ३ इंच करू’. हिशेब करा. सिमेंट, सँड आणि खडी मिळून १६,००० रुपये. त्यातला चौथा हिस्सा, ४,००० रुपये वाचतील. पण काँक्रीटची वाकण्याला टिकण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी ४ वरून ३ इंचांवर आणली की ती ताकद सुमारे ४४ टक्क्यांनी घटते. एकूण खर्चातले ५ टक्के वाचवण्यासाठी जवळपास निम्मी ताकद घालवण्याचा हा सौदा आहे.

सळईचं तसं नाही. सळई तडा थांबवत नाही. पडलेला तडा उघडू देत नाही. जमीन घट्ट मुरमाड असेल, वर फक्त पायी वावर असेल आणि सांधे वेळेवर कापले जाणार असतील, तर इंजिनिअरला विचारून सळई गाळता येते आणि ८,००० रुपये वाचतात. काळ्या मातीत आणि गाडीच्या जागी ती गाळू नका. टाकलीच तर ती कव्हर ब्लॉकवर उचललेली हवी. मुरमावर पडून राहिलेली सळई म्हणजे जमिनीत पुरलेले पैसे. गोणीला १२५ ग्रॅमच्या पुडीने मिळणारं पॉलिप्रॉपिलीन फायबर स्वस्त असतं. ओल्या काँक्रीटवर पहिल्या काही तासांत पडणाऱ्या बारीक भेगा त्याने कमी होतात. सळईची जागा ते घेत नाही.

नक्षीत काटकसर करायला भरपूर वाव आहे. सगळ्या ३०० फुटांवर साचे मारण्याऐवजी मधला चौक झाडू फिनिशचा ठेवून कडेने दोन फुटांचा नक्षीदार पट्टा घ्या. पट्टा १२४ चौरस फुटांचा होतो. उरलेल्या १७६ फुटांचे स्टॅम्पिंगचे पैसे, आपल्या भावाने १५,८४० रुपये, वाचतात. झाडू फिनिशची थोडी मजुरी वजा करा. एकच रंग घ्या, दुसरी छटा रिलीज पावडरने मिळते. कारागिराकडे जे साचे आहेत त्यांतूनच निवडा. खास मागवलेल्या साच्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात. एक अडचण लक्षात ठेवा: लहान कामाला स्टॅम्पिंगवाले किमान रक्कम लावतात, म्हणून १०० फुटांचा भाव ३०० फुटांच्या भावाने काढता येत नाही. शेजाऱ्याचं काम सोबत निघत असेल तर एकत्र बोलणी केल्याचा दोघांनाही फायदा होतो.

तयार काँक्रीट, म्हणजे आरएमसी, मागवायचा विचार असेल तर आपली गरज २.८ घनमीटरची आहे आणि ट्रान्झिट मिक्सर साधारण ६ घनमीटरचा असतो. अर्ध्याहून कमी भरलेल्या गाडीला जास्तीचा आकार लागू शकतो. गाडी गल्लीत येणार का, हेही पाहा. लहान अंगणाला जागेवरचा मिक्सर बहुधा परवडतो. मात्र सगळं सिमेंट एकाच कंपनीचं, एकाच खेपेचं घ्या, नाहीतर रंगात पट्टे दिसतात. पाणीही दर गोणीला मोजून घाला. ‘काम सोपं जावं’ म्हणून घातलेली जास्तीची बादली काँक्रीट कमजोर करते आणि रंग फिका पाडते.

दरपत्रकात काय लिहून घ्यावं

किमान तीन जणांकडून दर घ्या, आणि तिघांना एकच यादी द्या. नाहीतर तीन वेगवेगळ्या कामांचे भाव शेजारी ठेवून तुलना होते. यादीत या गोष्टी स्पष्ट हव्यात:

- खोदाईची खोली, मुरमाच्या थराची बसल्यावरची जाडी
- काँक्रीटचा दर्जा आणि जाडी
- सळईचा व्यास, अंतर आणि किती किलो
- हार्डनर किती किलो, सीलरचे किती हात, कोणत्या कंपनीचा
- सांधे किती रनिंग फूट आणि कधी कापणार
- पाणी, वीज आणि राडारोडा कोणाकडे
- क्युरिंग कोण करणार आणि किती दिवस
- भाव जीएसटीसह की वगळून, आणि अखेरचं माप कसं घेणार

सांध्यांबद्दल थोडं अधिक. काँक्रीट सुकताना आक्रसतं, तडा पडणारच. तो सरळ रेषेत पाडून घेण्यासाठी सांधे असतात. ४ इंच जाडीला जास्तीत जास्त ८ ते १० फुटांवर सांधा हवा. आपल्या अंगणात लांबीत एक आणि रुंदीत एक काप दिला की साडेसात बाय दहा फुटांचे चार चौकोन होतात आणि काप ३५ रनिंग फूट भरतो. कापाची खोली जाडीचा चौथा हिस्सा, म्हणजे १ इंच. काँक्रीट धारेखाली फुटणार नाही इतकं घट्ट झालं की लगेच, पहिल्या २४ तासांच्या आत तो द्यायचा. उन्हाळ्यात त्याहून लवकर. नक्षीच्या रेषेशी काप जुळवून घेतला तर तो डोळ्यांत येत नाही. कटर मशीन दोन दिवसांनी येणार असेल तर तोवर तडा आपली वाट शोधून मोकळा झालेला असतो.

पसंत केलेल्या कारागिराचं दोन-तीन पावसाळे पाहिलेलं काम बघून या. फोटोत प्रत्येक अंगण सीलर मारल्या दिवशीचं असतं. शिवाय दोन बाय दोन फुटांचा नमुना करून मागा; मोबाइलवरचा रंग आणि उन्हातला रंग यांत फरक असतो.

पैसे टप्प्याने द्या. मालापुरता विसार, मुरूम ठोकून ढाळ तपासल्यावर दुसरा हप्ता, काँक्रीट ओतून साचे मारल्यावर तिसरा. शेवटचे १० टक्के सीलर झाल्यावर आणि पाणी ओतून निचरा पाहिल्यावरच.

हंगाम आणि त्यानंतरचा खर्च

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभाग इतक्या लवकर सुकतो की शेवटचे साचे उमटत नाहीत. काम करायचंच तर पहाटे सुरू करा, सावलीचं कापड बांधा आणि दोन माणसं जास्त घ्या. त्या मजुरीसाठी राखीव रकमेत हात घालावा लागतो. पावसाळ्यात हे काम काढू नका. एक सर आली तरी रंगाची पूड वाहून जाते.

‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा मिळाला पाहिजे. कोरड्या, उष्ण हवेत त्याहून जास्त. नक्षीदार कामावर ओली पोती टाकली तर डाग पडतात, म्हणून कारागिराची पद्धत आधी विचारून घ्या. टँकर लागणाऱ्या गावात या पाण्याचे पैसे यादीत धरा. गाडी २८ दिवस आणू नका.

सीलर कायमचा नसतो. साधारण दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा मारावा लागतो. लिटरला पाच चौरस मीटर धरलं तर आपल्या अंगणाला एका हाताला साडेपाच ते सहा लिटर लागतील. धुण्याचा खर्च आणि मजुरी धरून ही रक्कम वर्षांनी भागा आणि दरवर्षी तेवढी बाजूला ठेवा. संडासात वापरायचं अॅसिड अंगणावर कधीही टाकू नका; ते सीलर तर खातंच, खालचं सिमेंटही खातं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

हे सगळं मांडल्यावरही बेरीज बजेटच्या वर गेली, तर यंदा भराव, जाडी, ढाळ आणि सांधे सांभाळून साधं झाडू फिनिशचं अंगण करून घ्या. उंबऱ्याखाली आणखी अर्धा इंच मोकळा ठेवा. दोन-तीन वर्षांनी हात मोकळा झाला की त्याच भक्कम काँक्रीटवर रंग चढवता येईल किंवा नक्षीचा पातळ थर देता येईल. उलट क्रमाने हे काम होत नाही. नक्षीच्या खाली मुरूम भरायचा तर आधी नक्षी फोडावी लागते आणि सगळे पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.